पित्ताची गोळी, जुलाबाचं औषध, लिव्हरचं टॉनिक : काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी आमचं मेडिकल आहे आणि त्या काउंटरमागे उभं राहून मला बावीस वर्षं झाली. या काळात सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "ताई, पित्ताची एक गोळी द्या." या एका नावाखाली लोक निदान पाच वेगवेगळी औषधं मागतात. प्रत्येकाचं शरीरातलं ठिकाण वेगळं आहे, घ्यायची वेळ वेगळी आहे आणि थांबवायची रीतही वेगळी आहे. गोळी कुठे जाऊन काय करते हे एकदा समजलं की माणूस ती नीट घेतो, हे मी रोज पाहते. म्हणून लोकांनी विचारलेले प्रश्न आणि मी त्यांना दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. हे वाचून स्वतःच औषध ठरवू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध समजून घ्यायला मात्र याचा जरूर उपयोग करा.

पित्त आणि अ‍ॅसिडिटी एकच ना?

नाही, आणि बराचसा घोटाळा इथेच होतो. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना पित्त म्हणतो.

पहिली म्हणजे जठरातलं आम्ल. जठराच्या अस्तरातल्या काही पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करतात. छातीत जळजळ, आंबट ढेकर, घशाशी येणं, हे सगळं त्याचं काम. दुसरं खरं पित्त, म्हणजे पित्तरस. तो यकृतात तयार होतो, पित्ताशयात साठतो आणि आतड्यात उतरून तेल-तुपाचं पचन सोपं करतो. सकाळी रिकाम्या पोटी पिवळी-हिरवी कडू उलटी होते ती याची. तिसरं अंगावर उठणारं पित्त, लाल खाजऱ्या गांधी. त्याचा पोटाशी फारसा संबंध नसतो. त्वचेतल्या पेशी हिस्टामीन सोडतात, त्यामुळे त्या उठतात.

त्यामुळे अंगावर पित्त उठल्यावर पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी घेऊन काहीच होत नाही. तिथे सेट्रिझीनसारखी अ‍ॅलर्जीची गोळी लागते.

आणखी एक. सकाळी घशात बोटं घालून "पित्त काढायची" सवय आपल्याकडे अनेकांना आहे. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण रोज वर येणारं आम्ल दातांचं कवच आणि अन्ननलिकेचं अस्तर झिजवतं. कृपा करून ही सवय सोडा.

पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल या गोळ्या उपाशीपोटीच का घ्यायच्या?

या प्रश्नाचं उत्तर मी सगळ्यांत सविस्तर देते. कारण दहातले सात-आठ जण ही गोळी चुकीच्या वेळी घेतात आणि मग "गुण येत नाही" म्हणून दुसरी मागतात.

जठरातल्या आम्ल बनवणाऱ्या पेशींना सूक्ष्म पंप असतात. ते पेशीतलं आम्ल जठरात ढकलतात. या गोळ्या तो पंपच बंद करतात. पण त्यांचा मार्ग वळणाचा आहे. जठरातल्या आम्लात औषध नासून जाऊ नये म्हणून गोळीवर एक लेप असतो. गोळी जठरातून न विरघळता पुढे जाते, लहान आतड्यात लेप सुटतो, औषध रक्तात शिरतं आणि रक्तातून फिरून मागच्या दाराने त्या पेशींपर्यंत पोचतं. तिथे पंप चालू असेल, म्हणजे आसपास आम्ल असेल, तरच औषध जागं होतं आणि पंपाला कायमचं चिकटतं. झोपलेल्या पंपावर त्याचा इलाज चालत नाही.

पंप जागे कधी होतात? जेवण पोटात पडलं की. म्हणून जेवणाच्या अर्धा ते एक तास आधी गोळी घ्यायची. औषध रक्तात येतं आणि त्याच सुमारास पंप सुरू होतात, अशी ती गाठ घालायची असते. गोळी रक्तातून काही तासांतच निघून जाते, पण चिकटलेला पंप बंदच राहतो. पेशी नवा पंप बनवेपर्यंत आम्ल कमी राहतं. त्यामुळे दिवसातून एक गोळी बहुतेकांना पुरते.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवायच्या. गोळी चावू नका, कुटू नका, लेप फुटतो. पहिल्याच दिवशी पूर्ण गुण येईल अशी अपेक्षा ठेवू नका. सगळे पंप एकदम चालू नसतात, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. आणि गोळी घेऊन तासभर झाल्यावर काहीतरी खा. सकाळी गोळी घेऊन दुपारी एक वाजेपर्यंत नुसत्या चहावर राहणारे कितीतरी जण मला माहीत आहेत. त्यांची गोळी बव्हंशी वाया जाते.

ओमेप्राझोल १९८८ साली प्रथम युरोपात बाजारात आलं. त्याआधी जुनाट अल्सरसाठी जठराचा भाग कापणं किंवा जठराला आम्ल बनवायचा निरोप नेणारी नस तोडणं या शस्त्रक्रिया सर्रास होत. या गोळ्यांची किंमत मला त्यावरून कळते. त्या वाईट नाहीत, फक्त हलक्यात घेण्यासारख्या नाहीत.

मग लग्नातून जेवून आल्यावर जळजळ झाली तर काय घ्यायचं?

तिथे पातळ अँटासिड कामाचं. गुलाबी किंवा पांढऱ्या बाटलीत मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते जठरात आधीच असलेल्या आम्लाला जागीच मारतात, त्यामुळे काही मिनिटांत बरं वाटतं. मॅग्नेशियमने पोट ढिलं होतं, अ‍ॅल्युमिनियमने बांधलं जातं, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. त्यातलं सिमेथिकॉन गॅसचे बारीक बुडबुडे फोडून मोठे करतं, म्हणजे ढेकर सुटतो. अल्जिनेट असलेलं औषध जठरातल्या अन्नावर सायीसारखा तरंगता थर धरतं आणि आम्ल वर येऊ देत नाही. आडवं झाल्यावर ज्यांच्या घशाशी येतं त्यांना ते चांगलं लागू पडतं.

फसफसणाऱ्या पुडीबद्दल मात्र सांगायलाच हवं. त्यात खायचा सोडा असतो. पाच ग्रॅमच्या एका पुडीतून साधारण ८५० मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं, म्हणजे जवळजवळ दोन ग्रॅम मिठाइतकं. रक्तदाब, हृदयविकार किंवा किडनीचा त्रास असलेल्या माणसाने रोज रात्री ती घेणं म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ मागच्या दाराने आत आणणं.

थायरॉइडची गोळी, लोहाची गोळी आणि काही अँटिबायोटिक्स यांच्याबरोबर अँटासिड घेऊ नका. ते औषधाला बांधून ठेवतं. लोह आणि अँटिबायोटिकला निदान दोन तासांचं अंतर ठेवा, थायरॉइडच्या गोळीला चार तासांचं.

रॅनिटिडीन डॉक्टर आता फारशी का लिहीत नाहीत? आमच्या आईला तीच चालायची.

जठराच्या पेशीला "आम्ल बनव" असा निरोप देणाऱ्यांपैकी हिस्टामीन एक. रॅनिटिडीन, फॅमोटिडीन या गोळ्या तो निरोप अडवतात. याच गटातल्या पहिल्या औषधाच्या शोधासाठी जेम्स ब्लॅक यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रॅनिटिडीनमध्ये साठवणुकीत एनडीएमए नावाचा, कर्करोगाशी संबंध जोडला गेलेला अपद्रव्य घटक वाढतो असं आढळलं आणि अमेरिकेच्या औषध नियामकाने एप्रिल २०२० मध्ये ती तिथल्या बाजारातून काढायला सांगितली. फॅमोटिडीनमध्ये हा प्रश्न दिसलेला नाही, त्यामुळे आता बरेच डॉक्टर ती लिहितात. या गटाची एक खोड अशी की रोज घेतली तर दोनेक आठवड्यांत शरीर सरावतं आणि जोर कमी होतो.

मी पाच वर्षं रोज पित्ताची गोळी घेतो. बंद केली की दुप्पट जळजळ होते. म्हणजे मला ती जन्मभर लागणार?

असं लगेच ठरवू नका. आम्ल खूप दिवस दाबून ठेवलं की शरीर गॅस्ट्रिन नावाचा संप्रेरक वाढवतं आणि आम्ल बनवणाऱ्या पेशींची ताकद वाढते. गोळी एकदम थांबवली की त्या सगळ्या मिळून उसळी घेतात. २००९ साली डेन्मार्कमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांना कसलाही त्रास नव्हता अशा लोकांना आठ आठवडे ही गोळी देऊन थांबवली. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांच्यातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ-अपचन सुरू झालं. नुसती पिठाची गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. म्हणजे गोळी सोडल्यावरचा त्रास हा पुष्कळदा मूळ आजार नसतो, तर गोळी सोडल्याचाच असतो. तो काही आठवड्यांत ओसरतो.

डॉक्टरांना विचारून डोस निम्मा करणं, मग एक दिवसाआड, मधल्या दिवशी गरज पडली तर अँटासिड, असं उतरत यावं. पण काही जणांनी ही गोळी स्वतःच्या मनाने थांबवूच नये : रक्तस्राव झालेल्या अल्सरचे रुग्ण, उतारवयात अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल या रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या गोळ्या घेणारे, अन्ननलिकेच्या अस्तरात बदल झालेले. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ओमेप्राझोल शक्यतो टाळतात, कारण ते क्लोपिडोग्रेलला यकृतात जागं होऊ देत नाही. पँटोप्राझोल त्या मानाने बरं.

वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ मुळातच कमी, त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिनही ते उतरवते. शाकाहार, मेटफॉर्मिन आणि पित्ताची गोळी असं त्रिकूट ज्यांच्याकडे आहे त्यांनी पायाला मुंग्या यायची वाट न पाहता बी-१२ तपासून घ्यावं.

दुखण्याच्या गोळीबरोबर डॉक्टर पित्ताची गोळी का देतात?

डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ बनू देत नाहीत. त्याने गुडघ्याची सूज उतरते. पण जठराच्या अस्तरावर चिकट बुळबुळीत संरक्षक थर राखायचं काम हेच पदार्थ करतात. तो थर विरळ झाला की आम्ल थेट अस्तराला लागतं. गोळी जेवणानंतर घेतली तरी हा धोका पूर्ण टळत नाही, कारण रक्तातूनही ती हेच करते.

माझे काका गुडघ्यांसाठी चार महिने अशी गोळी घेत होते. शेजारच्याला गुण आला म्हणून तीच पट्टी दाखवून आणलेली, कुठल्याशा दुसऱ्या गावाहून. मला पत्ताच नव्हता. एक दिवस काकू म्हणाल्या, "दोन दिवस यांना काळी संडास होतेय, डांबरासारखी, आणि वास सहन होत नाही." मी त्याच क्षणी त्यांना गाडीत घातलं. दवाखान्यात हिमोग्लोबिन सहावर आलेलं निघालं. पोटात एकदाही दुखलं नव्हतं. ही गोष्ट मी अनेकांना सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की अल्सर दुखतोच.

लोहाच्या गोळीनेही संडास काळी होते, पण ती घट्ट असते, चिकट आणि उग्र वासाची नसते. डांबरासारखी चिकट काळी संडास, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, चक्कर यांतलं काहीही दिसलं तर गोळ्या शोधत बसू नका, रुग्णालय गाठा.

अल्सरसाठी अँटिबायोटिक? चूक तर झाली नाही ना?

चूक नाही. पुष्कळ अल्सर हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूमुळे होतात. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल यांनी हे पटवून देण्यासाठी त्या जंतूंचं पाणी स्वतः प्यायलं आणि जठराला सूज आणून दाखवली. त्यांना आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चं नोबेल मिळालं. आता साधारण चौदा दिवस दोन-तीन अँटिबायोटिक्स आणि आम्ल कमी करणारी गोळी एकत्र देतात. पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून सोडू नका, उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

सुक्राल्फेटचं पातळ औषध कशासाठी?

जठरातल्या आम्लात ते घट्ट लेपासारखं होतं आणि जखमेवर बसतं. घरात भिंतीला चीर गेली की लांबी (पुट्टी) भरतो, तसं. म्हणून रिकाम्या पोटी घ्यायचं, आणि इतर गोळ्यांना दोन तासांचं अंतर.

गोळीच्या नावापुढे "डी" असतो, तो काय?

डॉमपेरिडोन. ते जठराची पुढे ढकलण्याची गती वाढवतं आणि मेंदूतलं उलटीचं केंद्र शांत करतं. मळमळ, जड पोट असेल तर उपयोगी. नुसती जळजळ असेल तर त्याचं काम नाही. तरी लोक "डी"वालीच जोरदार समजून मागतात. हृदयाच्या ठोक्यांत गडबड होण्याच्या धोक्यामुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी, कमी डोसमध्ये आणि सहसा एका आठवड्यापुरतं वापरायला सांगितलं. आपल्याकडे तेच वर्षभर रोज सकाळी घेणारी माणसं आहेत. छातीत धडधड, किंवा पुरुषांनाही छाती दुखून दूध येणं असं काही झालं तर डॉक्टरांना हे औषध दाखवा.

त्याचंच भावंड मेटोक्लोप्रामाइड मेंदूत शिरतं, त्यामुळे लहान आणि तरुण रुग्णांत कधीकधी मान वाकडी होणं, जबडा आवळणं असं होतं. घरचे घाबरतात, पण इंजेक्शनने ते लवकर सुटतं. ऑनडान्सेट्रॉन हे तिसरं, आतड्यातून मेंदूकडे जाणारा सिरोटोनिनचा निरोप ते अडवतं. त्याने बद्धकोष्ठ आणि डोकेदुखी होऊ शकते.

जुलाब थांबवायची गोळी द्या ना, उद्या प्रवास आहे.

लोपेरामाइड आतड्याच्या भिंतीतल्या अफूच्या जातीच्या ग्राहींवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या जागांवर काम करतं. आतडं सुस्तावतं, पाणी शोषायला वेळ मिळतो. मेंदूच्या दाराशी ते बाहेर फेकलं जातं, म्हणून नेमक्या डोसमध्ये नशा येत नाही. ताप नसलेल्या, रक्त न पडणाऱ्या साध्या जुलाबात मोठ्या माणसाला एखाद-दुसरी गोळी चालते. संडासातून रक्त-आव पडत असेल, ताप असेल, तर नको. जंतू बाहेर पडायचे ते आत कोंडले जातात. लहान मुलांना तर मी ती देतच नाही. रेसिकॅडोट्रिल वेगळं आहे. ते आतड्याची हालचाल न थांबवता आत झिरपणारं पाणी कमी करतं.

पण जुलाबात माणूस दगावतो तो पाणी आणि क्षार गेल्यामुळे, आणि त्यावरचं औषध ओआरएस आहे. लहान आतड्याच्या पेशीत एक दार आहे. ते उघडायला सोडियम आणि ग्लुकोज दोघं जोडीने लागतात. जोडी आत शिरली की मागोमाग पाणी खेचलं जातं. गंमत अशी की कॉलऱ्यातही हे दार चालू राहतं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपात मीठ-ग्लुकोजचं पाणी कालवून ते नातेवाइकांच्याच हाताने पाजलं. मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

हे दार माप पाळलं तरच उघडतं. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या ग्लासात अर्धी पुडी ओतली की द्रावण दाट होतं आणि उलट आतड्यातून पाणी ओढून जुलाब वाढवतं. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा छोटा, चहाचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्याने पुन्हा सुरू करा.

फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून मुलांना पाजू नका. त्यांत साखर फार असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर "ओआरएस" लिहायला मनाई केली. एक आई दोन दिवस तेच पाजून, डोळे खोल गेलेलं बाळ घेऊन माझ्या काउंटरसमोर उभी होती, ते मी विसरलेले नाही. बाळाला ओआरएसबरोबर चौदा दिवस झिंकही द्यायचं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी.

आणि दर जुलाबाला ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल या जंतू मारणाऱ्या औषधांची पट्टी? नको. बहुतेक जुलाब विषाणूंचे असतात.

पोट साफ होत नाही. रात्री दुधाबरोबर काय घेऊ?

काय घेता त्यावर दूध ठरतं. इसबगोल पाणी धरून फुगतं आणि मळ मऊ करतं. त्याला भरपूर पाणी हवं, कमी पाण्यात घेतलं तर ते घशात किंवा आतड्यातच अडकून बसतं. बिसाकोडिल आतड्याच्या भिंतीला चिमटा काढून हलवतं. त्यावरही लेप असतो आणि दुधाने किंवा अँटासिडने तो जठरातच सुटतो, मग पोटात कळा येतात. म्हणून ते पाण्याबरोबरच. सोनामुखी आणि एरंडेलही भिंतीला डिवचणारीच, अधूनमधून ठीक. लॅक्ट्युलोज आणि पॉलिएथिलीन ग्लायकॉल आतड्यात पाणी धरून ठेवतात, रोजच्या त्रासाला ती जास्त सौम्य. मिल्क ऑफ मॅग्नेशिया किडनी कमजोर असलेल्यांना नको.

वयाच्या पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली, वजन उतरलं, रक्त दिसलं, तर आधी तपासणी, मग चूर्ण.

मुरड्याची गोळी पाळीच्या दुखण्यालाही चालते, ती एकच का?

डायसायक्लोमिन आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या आवळलेल्या स्नायूला सैल करतं. पाळीच्या गोळीत त्याच्याबरोबर मेफेनॅमिक अ‍ॅसिड हे दुखणं मारणारं औषध असतं. म्हणजे जठराचा धोका पुन्हा आला. मेफेनॅमिक अ‍ॅसिडने क्वचित ताप, पुरळ आणि अवयवांना सूज अशी तीव्र प्रतिक्रिया येते, त्याबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावध केलं होतं. काचबिंदू किंवा प्रोस्टेट असलेल्या आजोबांना डायसायक्लोमिन विचारल्याशिवाय देऊ नका, लघवी अडते.

लिव्हरचं टॉनिक सुरू करू का? फॅटी लिव्हर निघालंय.

बाटली घेण्याआधी वजनकाटा घ्या, हे मी मनापासून सांगते. वजन सात ते दहा टक्के उतरलं तर यकृतातली चरबी आणि सूज दोन्ही कमी होतात, हे पक्कं माहीत आहे. ऐंशी किलोच्या माणसाने सहा-आठ किलो कमी करणं, एवढंच ते. अशा काही टॉनिकांतलं सिलिमरिन यकृताच्या पेशींना थोडा आधार देतं असं मानतात, पण त्याचा ठोस फायदा सिद्ध झालेला नाही. दारू चालू ठेवून टॉनिक पिणाऱ्यांचे पैसे मी हसून घेऊ शकत नाही, मी त्यांना सांगतेच.

"झाडपाल्याने अपाय होत नाही" हे खरं नाही. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. मी एवढंच म्हणेन : गुळवेलीचा काढा सुरू असताना डोळे पिवळे झाले तर काढा थांबवा आणि डॉक्टरांना काढ्याबद्दल आवर्जून सांगा. लोक हे लपवतात.

काविळीवर गोळी आहे का? गावात माळ घालतात, ती घातली तर?

दूषित पाण्यातून येणाऱ्या ए आणि ई प्रकारच्या काविळीवर खास गोळी नाही आणि बहुतेकांना ती लागतही नाही. काही आठवड्यांत यकृत स्वतःला सावरतं. माळ ओल्या काड्यांची असते. काड्या वाळून आकसतात, दोरा सुटत जातो, माळ डोक्यावरून खाली उतरते. कावीळही तोवर उतरलेली असते आणि श्रेय माळेला जातं. धोका आहे तो दुसऱ्या काविळींना. पित्तनलिकेत अडकलेला खडा, गाठ, क्षयाच्या औषधांचा त्रास, बी किंवा सी विषाणू, यांना माळ उतरवत नाही, आणि वेळ निघून जातो. गरोदर बाईला ई प्रकारची कावीळ जिवावर बेतू शकते. तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

बी विषाणूला टेनोफोविर किंवा एन्टेकाविर दाबून ठेवतात. मुळासकट काढत मात्र नाहीत, म्हणून ती गोळी मनाने थांबवली तर विषाणू उफाळतो. सी विषाणूची गोष्ट आनंदाची आहे. सोफोसबुविर आणि वेलपाटासविर यांसारख्या गोळ्या विषाणूची नक्कल काढणारी यंत्रणा मोडतात आणि साधारण बारा आठवड्यांत पंचाण्णव टक्क्यांच्या आसपास रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांत या दोन्हींची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. काउंटरवर पैसे मोजण्याआधी तिथे जा.

लिव्हर खराब आहे, मग पॅरासिटामॉल विषासारखीच ना?

डोस पाळला तर नाही. पॅरासिटामॉल मोडताना थोडा विषारी पदार्थ बनतो आणि यकृत तो ग्लुटाथायोन वापरून निकामी करतं. एकदम खूप गोळ्या घेतल्या की ग्लुटाथायोन संपतं आणि यकृताच्या पेशी मरतात. निरोगी प्रौढाची कमाल मर्यादा दिवसाला चार ग्रॅम, यकृताचा आजार किंवा दारू असेल तर डॉक्टर बहुधा दोन ग्रॅमच्या आत ठेवतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते, ती मोजायला विसरू नका. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कठीण झालेलं असताना, डायक्लोफेनॅकपेक्षा मोजकी पॅरासिटामॉल बरी. जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर त्रास दिसायची वाट पाहू नका. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा पहिल्या काही तासांत सगळ्यांत चांगला चालतो.

पित्ताशयातला खडा अर्सो-ची गोळी घेऊन विरघळेल?

अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड हा पित्तातलाच एक सौम्य घटक आहे. कोलेस्टेरॉलचा, लहान, चुना न धरलेला खडा महिनोन्‌महिने घेऊन विरघळू शकतो, पण पुन्हा होतोही. दुखणाऱ्या खड्याला शस्त्रक्रियाच. यकृतातल्या बारीक पित्तनलिकांच्या काही आजारांत मात्र हीच गोळी मुख्य औषध आहे.

सिरॉसिसच्या रुग्णाला बीपीची गोळी आणि जुलाबाचं औषध? त्यांना तर बीपीही नाही आणि बद्धकोष्ठही नाही.

हा प्रश्न विचारून लोक औषध बंद करतात आणि आठवड्यात रुग्ण परत रुग्णालयात जातो, म्हणून नीट वाचा.

कठीण झालेल्या यकृतातून रक्त जाईना की मागच्या शिरांत दाब वाढतो, अन्ननलिकेच्या शिरा फुगतात आणि फुटू शकतात. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल तो आतला दाब उतरवतं. जलोदरासाठी, म्हणजे पोटात पाणी साठतं त्यासाठी, दिलेलं स्पायरोनोलॅक्टोन मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला अडवतं.

लॅक्ट्युलोजचं काम इथे वेगळंच आहे. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृताने साफ करायचा असतो. ते जमेना की अमोनिया मेंदूपर्यंत जातो, माणूस गोंधळतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो, हात पुढे केले की मनगटं फडफडतात. मोठ्या आतड्यातले जंतू लॅक्ट्युलोज खाऊन आम्ल बनवतात, त्या आम्लात अमोनियाचं रूप बदलतं, त्याला रक्तात परतता येत नाही आणि तो मळाबरोबर निघून जातो. म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा मऊ संडास होईल असं माप ठेवायचं. एकदाच झाली तर कमी पडलं. सहा-सात वेळा झाली तर पाणी आटून गोंधळ उलट वाढतो. सोबतची रिफॅक्झिमिन आतड्यातच राहून अमोनिया बनवणारे जंतू कमी करते. डाळ, दही, अंडं बंद करू नका, स्नायू झडले की अमोनिया साफ करायला तेही उरत नाहीत.

आमच्याकडे औषध न्यायला येणाऱ्या एका मावशींनी यासाठी साधी दोनशे पानी वही केली आहे. रोज सकाळी चहाच्या आधी त्या यजमानांना तारीख आणि पूर्ण नाव लिहायला लावतात. खाली त्या स्वतः लिहितात : काल संडास किती वेळा, औषध किती चमचे. एकदा मला त्यांनी दोन पानं दाखवली. सोमवारी अक्षर सरळ ओळीत होतं. बुधवारी आडनाव ओळ सोडून खाली उतरलं होतं आणि शेवटचं अक्षर दोनदा लिहिलं होतं. खाली नोंद होती : "दोन दिवस संडास नाही." मावशींनी त्याच सकाळी डॉक्टरांना फोन केला, औषधाचं माप वाढलं, आणि शनिवारच्या पानावर नाव पुन्हा ओळीत आलं.